कोणती ‘पहिली’? इंग्रजीत आलेल्या जर्मन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या कशा ओळखाव्यात

हेर्मान हेसेची ‘नार्सिसस अँड गोल्डमुंड’ घ्या. न्यूयॉर्कच्या फरार, स्ट्रॉस अँड जिरू या प्रकाशनाची १९६८ची प्रत, नंतरच्या मुद्रणाची कुठलीही खूण नाही, वरचं सुटं कागदी जॅकेट शाबूत. विकणारा ‘पहिली आवृत्ती’ म्हणून चढी किंमत सांगतो आणि तो खोटंही बोलत नसतो. पण ही कादंबरी जर्मनमध्ये १९३० साली बर्लिनच्या एस. फिशरने काढली होती. इंग्रजीत ती १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉड, मीडने आणली, तीही ‘डेथ अँड द लव्हर’ अशा भलत्याच नावाने, जेफ्री डनलॉपच्या अनुवादात. पुढे १९५९ साली लंडनच्या पीटर ओवेनने ती ‘गोल्डमुंड’ या नावाने छापली. १९६८ची प्रत ही उर्सुल मोलिनारोच्या नव्या अनुवादाची पहिली आवृत्ती. कादंबरीची नव्हे, आणि इंग्रजीतलीसुद्धा नव्हे.

म्हणजे अनुवादित पुस्तक हातात घेतलं की ‘पहिली आहे का?’ हा प्रश्न दुसरा. ‘कशाची पहिली?’ हा आधीचा. संग्राहक पैसे घालवतात ते बहुतेक वेळा हा आधीचा प्रश्न न विचारल्यामुळे. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. तो शक्यतो मोडू नये.

पायरी १ : आधी वंशावळ काढा

पुस्तक उघडण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहा : मूळ जर्मन प्रकाशक, शहर आणि साल, इंग्रजीतला पहिला अनुवाद कोणाचा, कुठून, कधी, अटलांटिकच्या दुसऱ्या काठावरची आवृत्ती कधीची, आणि नंतर कोणी नव्याने अनुवाद केला का.

काफ्काच्या ‘द कॅसल’ची वंशावळ अशी दिसते. मूळ ‘दास श्लोस’ म्युनिकच्या कुर्ट वोल्फकडून १९२६ साली, म्हणजे काफ्का गेल्यानंतर दोन वर्षांनी. विला आणि एडविन म्युर यांचा इंग्रजी अनुवाद १९३० साली लंडनला मार्टिन सेकरकडून, त्याच वर्षी न्यूयॉर्कला क्नॉफकडून. १९५४ साली क्नॉफने वाढीव मजकुराची आवृत्ती काढली, तिच्यात आधी वगळलेले भाग आयथ्नी विल्किन्स आणि एर्न्स्ट कायझर यांनी अनुवादित करून घातले. १९९८ साली शॉकेनने मार्क हार्मनचा संपूर्ण नवा अनुवाद आणला. यातल्या प्रत्येक टप्प्याला स्वतःची ‘पहिली’ आहे. बाजारात मान आणि पैसा मात्र सगळ्यात जास्त १९३०च्या सेकर प्रतीला.

नाव बदललेलं असेल तर वंशावळीशिवाय काहीच कळत नाही. एलियास कानेट्टीची एकमेव कादंबरी लंडनला जोनाथन केपने १९४६ साली ‘ऑटो-द-फे’ म्हणून काढली आणि क्नॉफने पुढच्या वर्षी अमेरिकेत तिलाच ‘द टॉवर ऑफ बेबल’ म्हटलं. अनुवाद एकच, सी. व्ही. वेजवूडचा. हेसेच्या ‘ग्लास बीड गेम’ची १९६९ची प्रत पहिली म्हणून कोणी दाखवली, तर तिच्याआधी १९४९ साली मर्विन सॅव्हिलच्या अनुवादात ती ‘मॅजिस्टर लुडी’ म्हणून येऊन गेली होती, हे ठाऊक हवं. याच्या उलटही होतं. हेसेची ‘रॉसहाल्डे’ मूळची १९१४ची, पण इंग्रजीत ती १९७० साली राल्फ मॅनहाइमने आणली. तिथे सत्तरच्या दशकातली चकचकीत प्रतच खरी पहिली इंग्रजी प्रत असते. ‘एवढी नवी कशी पहिली असेल?’ म्हणून लोक ती बाजूला ठेवतात, आणि जाणकाराला ती स्वस्तात मिळते.

आणि काही पुस्तकांच्या बाबतीत वंशावळच उलटी आहे. १९३३नंतर जर्मनीत ज्यांची पुस्तकं जाळली गेली, ज्यांना देश सोडावा लागला, त्यांच्या कादंबऱ्या कधीकधी अनुवादातच जगासमोर आल्या. एरिश मारिया रेमार्कची ‘आर्च ऑफ ट्रायम्फ’ १९४५ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली आणि जर्मन मूळ १९४६ साली झ्युरिकला छापलं गेलं. आना झेगर्सची ‘ट्रान्झिट’ बॉस्टनच्या लिटल, ब्राऊनने १९४४ साली इंग्रजीत काढली, जर्मन पुस्तक आलं १९४८ साली. अशा ठिकाणी इंग्रजी अनुवाद हीच त्या कादंबरीची जगातली पहिली पुस्तकरूपातली आवृत्ती ठरू शकते. ‘अनुवाद म्हणजे दुय्यम’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्या संग्राहकांनी हा कोपरा खूपच दुर्लक्षित ठेवला आहे, असं माझं मत.

पायरी २ : शीर्षकपान, मग त्याची पाठ

आता पुस्तक उघडा. शीर्षकपानावर चार गोष्टी पाहा : अनुवादकाचं नाव, प्रकाशक, शहर, साल. अनुवादकाचं नाव इथे सगळ्यात कामाचं, कारण प्रकाशक तोच राहून अनुवाद बदलू शकतो. टोमास मानची ‘द मॅजिक माउंटन’ क्नॉफने १९२७ साली दोन खंडांत काढली ती एच. टी. लो-पोर्टरच्या अनुवादात, आणि १९९५ साली त्याच क्नॉफने जॉन ई. वुड्सचा नवा अनुवाद काढला. (लो-पोर्टर म्हणजे हेलन ट्रेसी लो-पोर्टर. शीर्षकपानावर फक्त आद्याक्षरं असल्याने अनेकजण अजूनही त्यांना पुरुष समजतात.) हेसेच्या ‘स्टेपनवुल्फ’ची १९६३ची हॉल्टची प्रत ‘बेसिल क्रेटन’ हे नाव पाहून १९२९च्या अनुवादाची समजली जाते. पण नीट वाचलं तर त्या नावाखाली जोसेफ मायलेक आणि हॉर्स्ट फ्रेन्झ यांनी केलेल्या सुधारणांची नोंद असते.

मग पान उलटा. इथे सगळ्यात मोठा सापळा आहे तो कॉपीराइटच्या सालाचा. ‘कॉपीराइट १९२९’ असं छापलेलं असलं म्हणजे प्रत १९२९ची, असं नाही. ते हक्काचं साल आहे, छपाईचं नव्हे. ते पुढच्या प्रत्येक मुद्रणात तसंच राहतं. अनुवादित पुस्तकात तर दोन-दोन सालं असतात, एक मूळ जर्मन हक्काचं आणि एक अनुवादाचं, आणि घाईत माणूस जुनं साल पाहून खूश होतो.

उलट, याच पानावर एक ओळ पुस्तक नवं असल्याचं हमखास सांगते. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यात हक्क २८ वर्षांचा होता आणि नंतर तो नूतनीकरण करून घ्यावा लागे. म्हणून १९२९च्या पुस्तकात ‘कॉपीराइट रिन्यूड’ आणि त्यापुढे १९५६ किंवा १९५७ साल दिसलं, तर ती प्रत त्यानंतरचीच. जॅकेट कितीही जुनाट दिसो.

पायरी ३ : आवृत्ती वेगळी, मुद्रण वेगळं

संग्राहक ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्याला ‘पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण’ म्हणायचं असतं. छपाईसाठी जुळवलेला तोच मजकूर महिन्याभरात पुन्हा छापला, तर आवृत्ती तीच, मुद्रण दुसरं, आणि किंमत धाडकन खाली.

मुद्रण कसं नोंदवायचं याबद्दल प्रत्येक प्रकाशकाची सवय निराळी होती. जर्मन कादंबऱ्या गोळा करणाऱ्याला पुढच्या काही सवयी पाठ हव्यात.

ब्रिटिश प्रकाशक साधारणपणे सरळ. ‘फर्स्ट पब्लिश्ड’ आणि साल, खाली दुसऱ्या मुद्रणाची ओळ नाही, म्हणजे पहिलं. जोनाथन केप आणि सेकर अँड वॉरबर्ग याच रीतीचे. ग्युंटर ग्रासची ‘द टिन ड्रम’ सेकर अँड वॉरबर्गने १९६२ साली काढली, तिथे हाच नियम लावा. व्हिक्टर गोलान्झ मात्र वेगळा. १९८४पर्यंत त्याने पहिल्या मुद्रणावर ‘पहिलं’ असं सांगितलंच नाही, फक्त पुढची मुद्रणं नोंदवली. काफ्काची ‘द ट्रायल’ त्याने १९३७ साली काढली. त्यामुळे तिच्या शीर्षकपानाच्या पाठीवर ‘फर्स्ट’ हा शब्द नाही म्हणून कोणी संशय घेतला, तर त्याला गोलान्झ माहीत नाही एवढंच समजावं. इथे गप्प बसलेलं पानच बरोबर असतं.

क्नॉफच्या बाबतीत साधारण १९३३-३४ ही सीमारेषा. त्याआधी पहिल्या मुद्रणावर काही न लिहिणं आणि पुढच्यांवर ‘सेकंड प्रिंटिंग’ वगैरे नोंदवणं. त्यानंतर ‘फर्स्ट एडिशन’ किंवा ‘फर्स्ट अमेरिकन एडिशन’ असं स्पष्ट लिहिणं. म्हणून मानची १९२४ची ‘बुडेनब्रोक्स’ आणि पाट्रिक झ्युसकिंडची १९८६ची ‘परफ्युम’ ही दोन्ही क्नॉफची पुस्तकं वेगवेगळ्या चष्म्यांतून पाहावी लागतात. ‘फर्स्ट अमेरिकन एडिशन’ हे शब्द प्रामाणिक आहेत, पण अर्थ नीट घ्या. ब्रिटिश आवृत्तीचा दावा ते खोडून काढत नाहीत.

न्यू डायरेक्शन्स हे डोकेदुखीचं नाव. हेसेची ‘सिद्धार्थ’, हिल्डा रॉस्नरच्या अनुवादात, त्यांनी १९५१ साली काढली. या घराण्याच्या जुन्या पुस्तकांत पुढची मुद्रणं नेहमी नीट नोंदवलेली नसतात. तिथे फक्त कॉपीराइटच्या पानावर विसंबू नये. बांधणीचं कापड, जॅकेटवरची किंमत, मागच्या बाजूच्या पुस्तकांची यादी हे सगळं जुळवून पाहावं. यादीत १९५१नंतर निघालेलं एखादं पुस्तक असेल, तर विषय संपला.

सत्तरच्या दशकापासून कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ आली आणि काम सोपं झालं. ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १’ असो की ‘१ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २’, ओळीतला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. एक अपवाद लक्षात ठेवा : रँडम हाउस बरीच वर्षं ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द छापून आकड्यांची ओळ २पासून सुरू करत असे. दुसऱ्या मुद्रणात ते शब्द काढले की २ आपोआप खरा ठरे. झेबाल्डच्या ‘ऑस्टरलिट्झ’ची २००१ची अमेरिकन प्रत याच घराण्याची. लंडनची हॅमिश हॅमिल्टनची प्रतही त्याच वर्षाची, अनुवाद दोन्हीकडे अँथिया बेलचा.

मग एकाच वर्षी दोन्हीकडे निघालं तर पहिली कोणती? महिना सापडला तर महिना. नाही सापडला तर माझा कौल अनुवाद ज्याच्यासाठी केला गेला त्या प्रकाशकाकडे. लो-पोर्टर क्नॉफसाठी मानचे अनुवाद करत होत्या, म्हणून ‘मॅजिक माउंटन’ला माझ्या लेखी न्यूयॉर्क आधी आणि सेकरची लंडन प्रत नंतर. काहीजण हे मानत नाहीत. त्यांनी दोन्ही घ्याव्यात.

पायरी ४ : एक प्रत प्रत्यक्ष तपासून पाहू

‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ यासाठी सगळ्यात चांगलं, कारण यात सगळेच घोळ एकत्र आहेत. रेमार्कची कादंबरी आधी १९२८च्या अखेरीला ‘फोसिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात क्रमशः आली, मग जानेवारी १९२९मध्ये बर्लिनच्या प्रोपिलेएन प्रकाशनाने पुस्तक काढलं. ए. डब्ल्यू. व्हीनचा इंग्रजी अनुवाद लंडनला पटनमने मार्च १९२९मध्ये, आणि अमेरिकेत लिटल, ब्राऊनने जून १९२९मध्ये.

पुस्तक इतकं खपलं की काही आठवड्यांतच नवी मुद्रणं निघाली. त्यामुळे ‘१९२९ची प्रत’ या शब्दांना इथे काही किंमत नाही. १९२९च्या प्रती ढिगाने आहेत. पटनमच्या प्रतीत मार्च १९२९च्या पहिल्या प्रकाशनाची ओळ एकटी हवी. तिच्याखाली पुढच्या मुद्रणांची रांग असेल, तर तुमची प्रत त्या रांगेतल्या शेवटच्या ओळीची. लिटल, ब्राऊनच्या प्रतीतही हाच न्याय : ‘पब्लिश्ड जून, १९२९’ ही ओळ हवी आणि ‘रिप्रिंटेड’ची नको.

कॉपीराइटचं पान फाटलेलं असेल किंवा प्रत पुन्हा बांधलेली असेल तर? मग मजकूर वाचा. सभासदांना टपालाने पुस्तकं पाठवणाऱ्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’च्या आग्रहामुळे अमेरिकन आवृत्तीतून काही प्रसंग कापले गेले. पहिल्याच प्रकरणात सैनिक उघड्यावर शौचाच्या पेट्यांवर गोलाने बसून पत्ते खेळतात तो प्रसंग, आणि पुढे इस्पितळात जखमी सैनिकाला त्याची बायको भेटायला येते तो. हे प्रसंग नसतील तर तुमच्या हातात जुन्या अमेरिकन मजकुराची प्रत आहे. लंडनच्या प्रतीत ते आहेत. एवढ्यावरून मुद्रण कळत नाही, पण घराणं कळतं. आणि ‘अमेरिकन पहिली’ म्हणून तिप्पट पैसे मोजणाऱ्याला आपण कापलेली कादंबरी घेतो आहोत, हे निदान माहीत तरी असावं.

पायरी ५ : जॅकेट आणि काळाची विसंगती

दोन महायुद्धांमधल्या पुस्तकाची निम्म्याहून जास्त किंमत अनेकदा त्या कागदी जॅकेटात असते. म्हणून दुसऱ्या मुद्रणाचं जॅकेट पहिल्या मुद्रणाच्या पुस्तकावर चढवणं हा जुना उद्योग आहे. जॅकेट पुस्तकापासून वेगळं समजून, स्वतंत्र तपासा.

त्यावर काळाशी न जुळणारं काही आहे का, हे शोधायचं. मानला नोबेल १९२९ साली मिळालं. १९२७च्या ‘मॅजिक माउंटन’च्या जॅकेटवर नोबेलचा उल्लेख असेल, तर जॅकेट नंतरचं. हेसेचं नोबेल १९४६चं, कानेट्टीचं १९८१चं, ग्रासचं १९९९चं. ‘ऑल क्वाएट’च्या जॅकेटवर चित्रपटाचा उल्लेख? चित्रपट १९३०चा. अमेरिकन पत्त्यात झिप कोड? तो १९६३पासून. ब्रिटिश किंमत नव्या पेन्समध्ये? दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ला आलं. त्याच्या थोडं आधी काही जॅकेटांवर दोन्ही किमती असत. आयएसबीएन १९७०च्या आधी नव्हता, ब्रिटनमध्ये त्याचा नऊ आकडी पूर्वज १९६७पासून दिसतो. बारकोड ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेरा आकडी आयएसबीएन जानेवारी २००७पासून.

हल्ली जुन्या जॅकेटांच्या रंगीत नकला सर्रास मिळतात. प्रामाणिक विक्रेता जॅकेटच्या आतल्या घडीवर तसं छापतो. ती ओळ कापली की फसवणूक तयार. पुस्तकाचा कणा उन्हाने उडालेला, पण जॅकेटचा कणा ताजा, किंवा पुस्तकाचे कोपरे ठेचलेले, पण त्यांच्यावरच्या जॅकेटला चूणसुद्धा नाही, असं दिसलं की भिंग काढा. जॅकेट नक्कल असेल तर ऑफसेट छपाईचे बारीक ठिपके दिसतील.

पायरी ६ : क्लबाच्या प्रती

अमेरिकन बुक क्लबांच्या प्रती हुबेहूब मूळ पुस्तकासारख्या दिसतात. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसणं किंवा तळाशी ‘बुक क्लब एडिशन’ असणं, वजनाला हलका कागद, आणि मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात दाबून काढलेला बारीक ठिपका वा चौकोन, या त्यांच्या खुणा. ठिपका डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. ही खूण साधारण १९४०च्या दशकाच्या अखेरीपासूनची, त्यामुळे १९२९च्या पुस्तकात ती शोधू नका.

ग्रॉसेट अँड डनलॅपसारखे स्वस्त पुनर्मुद्रणवाले मूळ प्रकाशकाच्याच छपाईच्या प्लेटा वापरत आणि कधीकधी मूळ कॉपीराइटचं पान जसंच्या तसं उचलत. अशा वेळी शीर्षकपानावरचं आणि कण्यावरचं प्रकाशकाचं नाव खरं. ‘फर्स्ट मॉडर्न लायब्ररी एडिशन’ याचाही अर्थ एवढाच, की त्या मालिकेत पहिल्यांदा.

पायरी ७ : जर्मन मूळ हाती लागलं तर

जर्मन येत नसलं तरी तीन शब्द पुरतात. ‘आउफ्लागे’ म्हणजे आवृत्ती किंवा मुद्रण, ‘टाउझेंट’ म्हणजे हजार, ‘लिझेंत्सआउसगाबे’ म्हणजे परवान्याने काढलेली, बहुधा क्लबाची प्रत. तिसरा शब्द दिसला की पुस्तक परत ठेवावं.

पहिला शब्द फसवा आहे. फिशरसारखे प्रकाशक हजार प्रतींना एक ‘आउफ्लागे’ मोजत. त्यामुळे १९२४च्या ‘त्साउबरबेर्ग’मध्ये (‘मॅजिक माउंटन’चं जर्मन मूळ) ‘पहिली ते दहावी आउफ्लागे’ असं छापलेलं असणं हे दहाव्या आवृत्तीचं नव्हे, पहिल्याच छपाईचं लक्षण. शहराकडेही लक्ष द्या. हेसेची ‘ग्लासपेर्लेनश्पील’, म्हणजे मूळ ‘ग्लास बीड गेम’, १९४३ साली झ्युरिकच्या फ्रेट्झ अँड वास्मुटने दोन खंडांत काढली, कारण जर्मनीत ती निघू शकली नाही. बर्लिनची झुरकांप प्रत १९४६ची.

आपल्याकडे सापडणाऱ्या प्रती

मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा एखाद्या जुन्या ग्रंथालयाने काढून टाकलेल्या गठ्ठ्यात या कादंबऱ्या मिळतात, आणि बहुतेक लंडनच्या, कारण पुस्तकं इकडे बोटीने तिथूनच यायची. थॅकर किंवा तारापोरवाला या मुंबईच्या जुन्या पुस्तकविक्रेत्यांची छोटीशी चिठ्ठी आतल्या कोऱ्या पानावर असेल, तर ती खरवडू नका. प्रत कुठून विकली गेली याचा तो पुरावा आहे. जॅकेटवरची शिलिंगांतली किंमत कापलेली दिसली, तरी लगेच संशय नको. परदेशी पाठवताना किंमत कापण्याची पद्धत होती.

खरं नुकसान होतं ते ग्रंथालयाच्या रेक्झिनच्या बांधणीत. बांधणाऱ्याने कडा तासलेल्या असतात, कोरी पानं आणि जॅकेट फेकलेलं असतं, आणि शिक्का बरोबर शीर्षकपानावर. मुद्रण पहिलं असलं तरी अशी प्रत वाचण्यासाठी घ्यावी. कसर आणि वाळवीची भोकं पानांत आरपार गेली आहेत का, ते शेवटून पुढे पानं चाळून पाहा. आपण पुढून पाहतो, आणि विक्रेत्यालाही ते माहीत असतं.

पायरी ८ : पैसे देण्याआधी

वंशावळ पडताळायला फुकट साधनं भरपूर आहेत. जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाची सूची १९१३पासूनची जर्मन पुस्तकं नोंदवते, आणि जर्मनमधून परदेशी भाषांत गेलेले अनुवादही तिच्यात सापडतात. इंग्रजी बाजूसाठी ब्रिटिश लायब्ररी आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस. सूचीतली पानसंख्या आणि खंडांची संख्या तुमच्या प्रतीशी जुळवा. विक्रेत्यांची वर्णनं एकमेकांवरून उतरवलेली असतात, त्यामुळे पाच जणांनी तेच लिहिलं म्हणजे ते पाच पुरावे होत नाहीत.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून या गोष्टींचे फोटो मागा : शीर्षकपान, त्याची पूर्ण पाठ (फक्त एक ओळ नव्हे), जॅकेटच्या दोन्ही आतल्या घड्या, कणा, मागच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा तिरप्या उजेडात, आणि पुस्तकाच्या शेवटी प्रकाशकाच्या जाहिराती असतील तर त्या पानांचे. दोन खंडांचं पुस्तक असेल तर दोन्ही खंडांच्या कॉपीराइट पानांचे वेगवेगळे, कारण पहिला खंड पहिल्या मुद्रणाचा आणि दुसरा तिसऱ्या मुद्रणाचा अशी लग्नं बाजारात लावली जातात. तिरप्या उजेडातला फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.